विशेषनामाचा आग्रह : जूडी शिकागो यांचे कलाकार्य

विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, त्यास स्वतःचा अर्थ नसतो, असे व्याकरणग्रंथांतून सांगितलेले असते. समाजातील नावांचा व्यवहार मात्र इतका निरर्थक नाही. तबकातील तांदळांवर नववधूचे नवे नाव लिहिण्याची आपल्याकडील चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. अमेरिकन चित्रकर्ती जूडी शिकागो यांच्या कार्याकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

त्यांचा जन्म १९३९ साली शिकागो येथे झाला. माहेरचे आडनाव कोहेन. १९६१ च्या विवाहानंतर त्या गेरोविट्झ झाल्या. पती १९६३ मध्ये अपघातात निवर्तले. पुढे १९७० साली, पुरुषी वर्चस्वाने लादलेली सर्व नावे आपण टाकीत आहोत, असे जाहीर करून त्यांनी जन्मगावाचेच नाव घेतले. मौज अशी की, त्यांच्या बोलण्यातील शिकागोच्या ठसठशीत हेलामुळे कलादालनाचे चालक रॉल्फ नेल्सन यांनी त्यांना हे टोपणनाव आधीच दिले होते. म्हणजे हेही नाव मूळ एका पुरुषाचेच! तथापि दिलेले नाव आणि जाणून स्वीकारलेले नाव यांत भेद करावाच लागतो. गावावरून आडनाव ही गोष्ट मराठी माणसास अपरिचित नाही. ते स्त्रीने स्वतःच्या अधिकारात घ्यावे, हे विशेष.

त्याच वर्षी फ्रेझ्नो येथील महाविद्यालयात पंधरा विद्यार्थिनींसह त्यांनी स्त्रीकलेचा स्वतंत्र वर्ग सुरू केला. मिरियम शपिरो यांच्या सहकार्याने १९७२ मध्ये हॉलिवुडमधील एका पडीक वाड्यात 'वुमनहाउस' हे प्रदर्शन झाले. वाड्याची डागडुजी विद्यार्थिनींनीच केली. १९७३ साली लॉस अँजेलिस येथे स्थापिलेले 'वुमन्स बिल्डिंग' १९९१ पर्यंत चालले.

परंतु नावाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो 'द डिनर पार्टी' या कृतीत (१९७४–७९). त्रिकोणी मेज, प्रत्येक बाजू ४८ फूट. प्रत्येक बाजूस १३ अशी ३९ स्त्रियांची पाने मांडलेली. प्रत्येक पानाखालील वस्त्रावर त्या स्त्रीचे नाव भरतकामाने काढलेले असून टाके तिच्या काळाला अनुसरून निवडलेले आहेत. घरकामात जमा होणारे भरतकाम आणि चिनी मातीच्या भांड्यांवरील चित्रण येथे प्रथम दर्जाच्या कलेच्या जागी येऊन बसते. खालील फरशीवर आणखी ९९९ नावे सोनेरी अक्षरांत आहेत.

या कृतीवर आक्षेप आले, आणि त्यांतील काही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बहुतेक ताटल्यांवर स्त्रीच्या गुह्यांगाची सूचक आकृती आहे. सोजर्नर ट्रूथ या कृष्णवर्णीय स्त्रीच्या ताटलीवर मात्र चेहरे काढले आहेत. कृष्णवर्णीय स्त्रीचे स्त्रीत्वच नाकारले गेले काय, हा ॲलिस वॉकर यांचा प्रश्न मर्मभेदी आहे. दुसरा आक्षेप असा की, चारशेहून अधिक माणसांचे श्रम एकाच नावाने ओळखले गेले. सहकाऱ्यांची नावे देणारे फलक प्रदर्शनात होते हे खरे. पण लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९७९ मध्ये गर्दी लोटूनही पुढील संग्रहालयांनी हात आखडता घेतला. २००७ पासून ही कृती ब्रुकलिन संग्रहालयात कायमची आहे. फरशीवरील ९९९ नावांपैकी एक, क्रेसिलास, प्राचीन ग्रीक शिल्पकाराचे, म्हणजे पुरुषाचे, आहे; जुन्या अभ्यासकांनी ते स्त्रीनाम समजून 'क्रेसिला' असे वाचले होते. ते नाव फरशीवर तसेच राहिले आहे.