प्रवाही कोड – ९ : सिंक काय उत्तर देतं?
बॅकप्रेशरचे उरलेले पर्याय आज घ्यायचे ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मधेच एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

त्यांचं चॅट ॲप आहे. ‘फ्लक्स.जस्ट’ला घटक आधीच माहीत असावे लागतात. यांचे संदेश मात्र एचटीटीपी विनंतीतून येतात, तेव्हा फ्लक्स कधीचाच सुरू असतो. चालत्या फ्लक्समध्ये बाहेरून घटक घालायचा कसा?

रिॲक्टरमध्ये त्यासाठी सिंक असतं. २०२० मध्ये ३.४ आवृत्तीत ते आलं. त्याआधी हे काम एमिटरप्रोसेसर आणि त्याची भावंडं करत. कुठल्याही थ्रेडवरून त्यांचं ‘ऑननेक्स्ट’ बोलवता येई, आणि तिथेच घोटाळा होई. रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचा नियम १.३ बजावतो, की सबस्क्राइबरला संकेत एकामागून एकच गेले पाहिजेत. सिंकने घालणारा आणि वाचणारा वेगळे केले : घालणाऱ्याच्या हाती सिंक, वाचणाऱ्याला ‘ॲजफ्लक्स’मधून मिळालेला फ्लक्स.

मला सिंक आवडतं ते ‘ट्रायएमिटनेक्स्ट’मुळे. ते एक्सेप्शन फेकत नाही, उत्तर देतं. ‘ओके’ म्हणजे सिंकने घटक स्वीकारला. ‘फेल_ओव्हरफ्लो’ म्हणजे जागा नाही. ‘फेल_नॉन_सीरियलाइज्ड’ म्हणजे त्याच क्षणी दुसरा थ्रेडही घटक घालतोय. अशा वेळी पुन्हा प्रयत्न करायचा किंवा घालण्याचं काम एका रांगेतून न्यायचं. हे उत्तर न वाचता पुढे गेलात, तर घटक हरवतो आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही.

याच वाचकांची दुसरी तक्रार इथेच सुटते. सगळ्यांनी ब्राउझर बंद केले, थोड्या वेळाने पुन्हा उघडले, तर संदेश येणंच थांबलं; चूक कुठेच दिसेना. त्यांनी ‘मल्टिकास्ट’चं ‘ऑनबॅकप्रेशरबफर’ वापरलंय. त्यात ‘ऑटोकॅन्सल’ मुळातच चालू असतं. शेवटचा सबस्क्राइबर गेला, की सिंक बफर रिकामा करतं आणि नवे सबस्क्राइबर घेणं थांबवतं. त्यानंतरच्या प्रत्येक संदेशाला ते ‘फेल_कॅन्सल्ड’ असं स्पष्ट सांगत होतं. कोडमध्ये ते उत्तर कुणी पाहिलंच नव्हतं.

उपाय दोन. बफरचा आकार देताना दुसरं आर्ग्युमेंट ‘फॉल्स’ द्या. किंवा मागे पडलेल्या सबस्क्राइबरचा एखादा संदेश हुकला तरी चालणार असेल, तर ‘डायरेक्टबेस्टएफर्ट’ घ्या. सगळे निघून गेले तरी ते मिटत नाही. चॅटमध्ये संदेश हुकणं खपत नाही, म्हणून मी पहिला उपाय निवडेन.

या आठवड्यात तुमच्या प्रकल्पात ‘ट्रायएमिटनेक्स्ट’ शोधा आणि जिथे उत्तर टाकून दिलंय तिथे निदान ते लॉग करा. ‘फेल_ओव्हरफ्लो’ दिसलं तर जपून ठेवा. बॅकप्रेशरची चर्चा आपण तिथूनच सुरू करू.