ग्रामोफोनचा भाव काय?

गेल्या श्रावणातली गोष्ट. मेहकरच्या आमच्या गल्लीतले एक शेजारी संध्याकाळी घरी आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "सर, तुम्ही नाट्यगीतांचे शौकीन. ग्रामोफोनला आज काय भाव येतो हो?"

आम्हां मराठी शिकवणाऱ्यांचा भावाशी संबंध येतो खरा, पण तो स्थायी आणि संचारी भावांशी! तरी मी विचारले, "कुणाला विकायचा आहे?"

हकीकत अशी होती. वडिलांच्या वेळची एक काळी पेटी आणि चाळीसेक तबकड्या त्यांच्या माळ्यावर पडून होत्या. गावात आलेल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सौदा सुचवला होता : ही कळकट पेटी आणि तबकड्या द्या, बदल्यात पितळेच्या झळझळीत कर्ण्याचा ग्रामोफोन घ्या. वर पैसा द्यायला नको. दिवाळीला नव्या घरात राहायला जायचे होते आणि दिवाणखान्यातला एक कोपरा मोकळाच होता.

मी पेटी पाहायला गेलो. झाकण उघडले तर आत 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो प्रसिद्ध कुत्रा धन्याचा आवाज ऐकत बसलेला. यंत्र होते १०२ क्रमांकाचे. हे मॉडेल १९३१ साली निघाले आणि पुढे पंचवीसेक वर्षे बनत राहिले. त्याला बाहेर कर्णा दिसत नाही, कारण तो पेटीच्या पोटातच असतो. लग्नकार्यात हातात धरून न्यावे, चावी द्यावी आणि सुई टेकवावी, असा हा सुटसुटीत प्रकार. असली यंत्रे हजारोंनी खपली, म्हणून ती आजही सापडतात आणि म्हणूनच त्यांना फार मोठा भाव येत नाही.

मग व्यापारी एवढा उदार का झाला होता? वाचकहो, खरी मेख इथेच आहे. पितळी कर्ण्याचे जे चकचकीत ग्रामोफोन मुंबईच्या चोर बाजारापासून मोबाईलवरच्या दुकानांपर्यंत 'पुरातन' म्हणून विकले जातात, त्यांतले पुष्कळसे अलीकडे आपल्याच देशात जुळवलेले असतात. कर्णा नवा, लाकडी खोके नवे, कुत्र्याचा बिल्लाही नवा. जुने असते ते फक्त आतले चक्र, आणि ते काढलेले असते अशाच एखाद्या काळ्या पेटीतून! परदेशातले संग्राहक या सोंगाला चांगले ओळखतात आणि त्याला हातही लावत नाहीत. म्हणजे शेजाऱ्यांच्या पेटीचे काळीज काढून उद्या तिसऱ्याच कुणाच्या दिवाणखान्यात बसायचे होते.

हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "पण मग खऱ्याचा भाव वाढत का नाही? जुने ते सोने म्हणतात ना?"

प्रश्न रास्त होता. पण वस्तू नुसती जुनी झाल्याने महाग होत नाही. ती दुर्मिळ असावी लागते, अस्सल असावी लागते आणि मुख्य म्हणजे तिची आठवण असणारी माणसे हयात असावी लागतात. अमेरिकेत पिनबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याकडे खिळ्यांच्या पाटीवर गोळी उडवण्याचा जो बगाटेल होता, त्याचाच हा विजेवर चालणारा थोरला भाऊ. जुगार समजून न्यूयॉर्क शहराने त्यावर १९४२ ते १९७६ अशी बंदी घातली होती. त्यातले 'अ‍ॅडम्स फॅमिली' हे १९९२ सालचे यंत्र वीस हजारांवर खपले. दुर्मिळतेच्या हिशेबाने ते स्वस्त हवे, पण ते महागच राहिले. कारण तेव्हा नाणी टाकून खेळणारी पोरे आज मिळवती झाली आहेत. २०२० च्या महामारीत माणसे घरात कोंडली गेली, तेव्हा या यंत्रांचे भाव आणखी चढले, पुढे काहीसे निवळले. भाव चढतो तो आठवणींच्या बळावर.

ग्रामोफोनचे गणित नेमके इथे चुकते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या गाण्याचे मुद्रण झाले, तेव्हापासून सत्तर वर्षांच्या आतबाहेर लाखेच्या तबकड्यांचे राज्य संपले. ज्यांनी लहानपणी तीन मिनिटांच्या गाण्यासाठी चावी फिरवली, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ते आता विकत घेत नाहीत. घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना हवी असते शोभा, आणि शोभेला नकली कर्णा पुरतो. तबकड्यांचेही तसेच. ज्या खूप खपल्या त्या खूप उरल्या, म्हणून लोकप्रिय गायकाची तबकडी स्वस्त आणि विस्मृतीत गेलेल्याची महाग, असा उलटा न्याय पुष्कळदा दिसतो.

बोलता बोलता मी चावी दिली. यंत्र कुरकुरले, पण तबकडी फिरू लागली. खरखरीतून बालगंधर्वांचा स्वर निघाला. आतल्या खोलीतून शेजाऱ्यांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री भिंत धरत बाहेर आल्या. मला वाटले, आता डोळ्यांना पदर लागणार. पण त्या म्हणाल्या, "सुई बदलली काय मास्तर? नाही त तबकडी खराब होते."

मी ओशाळलो. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, हे घरात त्या एकट्यांनाच ठाऊक होते.

व्यापारी रिकाम्या हाताने गेला. पेटी आता नव्या घराच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी असेल, त्यांना इतकेच सांगतो : दिवाळीच्या साफसफाईत तिला रंग देऊ नका, घासून चकाकी आणू नका. मूळ रूप गेले की भावही गेला. तिच्यावर नव्या प्लॅस्टिकच्या तबकड्या लावू नका, जड सुई त्या खरवडून काढते. आणि विकायचीच असेल तर खुशाल विका, पण घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एकदा ऐकवा आणि मगच भाव विचारा.