न दिसणारें पंगुत्व

इंग्लंडांत २०१३ पासून विकलांगांस ‘पिप’ नामक सरकारी साहाय्य मिळतें. अडचणींस गुण देतात. ८ भरले तर साहाय्य, १२ भरले तर अधिक. परंतु हातपाय धड असून भीतीनें ज्यास उंबरठा ओलांडवत नाहीं, त्याचें काय? मार्च २०१७ मध्यें सरकारनें नियम बदलून अशांचे प्रवासाचे गुणच घटविले. एका पीडितेनें दाद मागितली. डिसेंबरांत उच्च न्यायालयानें तो नियम भेदभावाचा व बेकायदा ठरविला. आमच्या मतें हें उचितच झालें.

निर्णय प्रतिकूल आल्यास महिन्याच्या आंत फेरविचार मागावा लागतो. तोहि फसल्यास न्यायाधिकरण. खरी मेख येथेंच! ज्यास सरकारी पाकीट फोडण्याचेंहि धैर्य होत नाहीं, त्यानें मुदत पाळावयाची! अशा वेळीं घरच्या कोणी लेखणी हातीं घ्यावी. सबळ कारण दाखविल्यास उशिराचा अर्जहि स्वीकारला जाऊं शकतो.