झिरो ब्रोकरेज शोधताना इंडेक्स फंडाचा खरा खर्च नजरेतून सुटतोय का?

“झिरो ब्रोकरेज असलेलं एखादं चांगलं ॲप सांग ना.” गेल्या महिन्यात ताईचा मेसेज आला. ताई नाशिकला एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. वय ३८, पेन्शन नाही. चार वर्षांपासून ती निफ्टी ५० च्या एका इंडेक्स फंडात दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी करते आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे ५८ व्या वर्षापर्यंत, ती चालू ठेवायची असं तिने ठरवलंय. शाळेतल्या एका सरांचं ॲप प्रत्येक ऑर्डरला २० रुपये कापतं हे कळल्यावर हिला धास्ती वाटली, की आपलेही असेच पैसे जात असतील का?

मी आधी तिचं फंडाचं स्टेटमेंट मागवलं. ब्रोकरेज शून्य होतं. पण फंडाच्या नावापुढे दोन शब्द होते: ‘रेग्युलर प्लॅन’. तिचा खरा खर्च तिथे लपला होता. तुम्हीही इंडेक्स फंडात लांब पल्ल्याची गुंतवणूक करत असाल, तर हा हिशोब एकदा करून बघाच.

पैसे नेमके कुठे कापले जातात?

इंडेक्स फंड घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, साधा इंडेक्स फंड. हा थेट फंड कंपनीकडून किंवा ॲपवरून घेता येतो आणि त्याला डीमॅट खातं लागतंच असं नाही. दुसरा, ईटीएफ. हा शेअरसारखा बाजारात घ्यावा लागतो, म्हणून ब्रोकर आणि डीमॅट खातं दोन्ही लागतं. या दोन्ही मार्गांवर मिळून हे खर्च भेटतात:

- ब्रोकरेज: फक्त ईटीएफवर. काही ब्रोकर शून्य घेतात, काही ऑर्डरमागे २० रुपयांपर्यंत, तर जुन्या पद्धतीचे ब्रोकर रकमेच्या टक्केवारीत. त्यावर १८ टक्के जीएसटी.
- स्टॅम्प ड्युटी: फंड घेताना ०.००५ टक्के. ५,००० च्या एसआयपीत स्टेटमेंटवर ४,९९९.७५ दिसतात ना? ते २५ पैसे हेच. बाजारातून ईटीएफ घेताना ०.०१५ टक्के, म्हणजे ७५ पैसे.
- एसटीटी: इक्विटी फंड किंवा ईटीएफ विकताना ०.००१ टक्के. एक लाखाला एक रुपया.
- डीपी चार्ज: डीमॅटमधून ईटीएफ विकला की लागतो. युनिट कितीही असोत, बहुतेक डिस्काउंट ब्रोकरकडे दिवसाला एका ईटीएफमागे साधारण १५-२० रुपये.
- डीमॅटचं वार्षिक शुल्क: अनेक ठिकाणी ३०० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये.
- एक्स्पेन्स रेशो: फंड चालवण्याचा खर्च. दरवर्षी, आणि तुमच्या सगळ्या जमा रकमेवर.

शेवटचा खर्च सोडला तर बाकी सगळे कुठे ना कुठे लिहून येतात. एक्स्पेन्स रेशोची पावती मात्र कधीच येत नाही. तो रोज थोडा थोडा एनएव्हीमधूनच वजा होतो. दहा लाख जमा असतील आणि रेशो अर्धा टक्का असेल, तर वर्षाला ५,००० रुपये, म्हणजे रोजचे साधारण १४ रुपये जातात. सरांना २० रुपये दिसतात म्हणून टोचतात. हे १४ दिसत नाहीत, म्हणून टोचतही नाहीत.

अर्धा टक्का आणि अर्धा टक्का सारखे नसतात

ताईला मी एवढं एकच गणित करून दाखवलं. महिन्याला ५,००० रुपये, २० वर्षं, खर्चाआधीचा परतावा वर्षाला ११ टक्के धरू. (बाजार ११ टक्के देईलच असं नाही, तुलनेसाठी आकडा घेतलाय.)

सरांच्या ॲपचे २० रुपये जीएसटीसह होतात २३.६०. म्हणजे ५,००० वर जवळपास अर्धा टक्का. आता समजा, एकाच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा एक्स्पेन्स रेशो ०.२ टक्के आणि रेग्युलरचा ०.७ टक्के आहे. फरक तोच, अर्धा टक्का.

डायरेक्टमध्ये २० वर्षांनी होतात सुमारे ४२ लाख १५ हजार. रेग्युलरमध्ये सुमारे ३९ लाख ४८ हजार. फरक २ लाख ६७ हजारांचा!

आणि दर महिन्याचे ते २३.६० रुपये? ते न कापता गुंतवले असते, तर २० वर्षांनी जवळपास २० हजार झाले असते. डीमॅटचे वर्षाला ३५४ रुपये याच पद्धतीने मोजले तर जवळपास २५ हजार.

अर्धा टक्का दोन्हीकडे आहे, मग एका ठिकाणी २० हजार आणि दुसऱ्या ठिकाणी पावणेतीन लाखांच्या आसपास, असं का? कारण ब्रोकरेज प्रत्येक हप्त्यावर एकदाच कापलं जातं. आज भरलेल्या ५,००० वर ते पुन्हा कधी लागत नाही. एक्स्पेन्स रेशो त्याच ५,००० वर यंदाही लागतो, पुढच्या वर्षीही लागतो आणि विसाव्या वर्षीही लागतो, शिवाय त्यावर झालेल्या वाढीवरही लागतो.

“म्हणजे माझे साडेचार वर्षांचे हप्ते गेले की रे,” ताई म्हणाली. हिशोब बरोबर होता. वर्षाला ६० हजार भरणाऱ्या माणसाचे २ लाख ६७ हजार म्हणजे साधारण तेवढेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हप्ता लहान असेल तर ठरावीक शुल्क जड पडतं. ५०० रुपयांच्या ऑर्डरवर २३.६० म्हणजे पावणेपाच टक्के. त्यामुळे छोट्या रकमेने ईटीएफ घेणाऱ्यांनी ब्रोकरेज बघायलाच हवं.

हा जादा अर्धा टक्का जातो कुठे?

रेग्युलर प्लॅनमध्ये फंड विकणाऱ्या वितरकाचं कमिशन असतं. सेबीने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन देणं बंधनकारक केलं. त्यात हे कमिशन नसतं. फंड तोच, शेअर तेच, फक्त खर्च कमी.

वितरक काही फसवत नाही. तुमचे फॉर्म भरणारा, बाजार पडला की धीर देणारा माणूस असेल तर त्याला मोबदला मिळायलाच हवा. पण इंडेक्स फंडात निवड आधीच सोपी असते. ताईला तर आपला वितरक कोण आहे हेही माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी बँकेत कुणीतरी सह्या घेतल्या होत्या, एवढंच तिला आठवत होतं.

तुमचं कसं ओळखायचं? स्टेटमेंटवर वितरकाच्या जागी ‘एआरएन’ आणि क्रमांक असेल तर रेग्युलर, ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर डायरेक्ट. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला किती कमिशन मिळालं तेही रुपयांत दिलेलं असतं.

मग ईटीएफ की इंडेक्स फंड?

मोठ्या ईटीएफचा एक्स्पेन्स रेशो बऱ्याचदा इंडेक्स फंडाहूनही कमी असतो. मग तोच घ्यावा? थांबा. ईटीएफ तुम्ही एनएव्हीला घेत नाही, बाजारात समोरचा जो भाव सांगेल त्याला घेता. खरेदी-विक्रीच्या भावात अंतर असतं, आणि उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये ते अंतर वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त असू शकतं. ऑर्डर टाकण्याआधी आय-एनएव्ही बघा आणि मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर टाका.

हे सगळं दर महिन्याला करायचा कंटाळा असेल, तर डायरेक्ट प्लॅनचा इंडेक्स फंड बरा. हप्ता आपोआप जातो आणि भाव एनएव्हीचाच मिळतो.

डीमॅटचा खर्च: माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शिकवतोय, पण मीही चुकलोय. एका ऑफरच्या मोहात मी दुसरं डीमॅट खातं उघडलं आणि तीन वर्षं दोन्हीकडे वार्षिक शुल्क भरत राहिलो. दोन्ही मिळून वर्षाला ७०० रुपयांच्या वर. माझी बहुतेक गुंतवणूक तर साध्या इंडेक्स फंडात होती, तिला डीमॅटची गरजच नव्हती.

बेसिक सर्व्हिसेस डीमॅट खात्यात १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला वार्षिक शुल्क नाही आणि ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये आहे. अट अशी की तुमच्या नावावर एकच डीमॅट खातं हवं. दुसरं उघडलं की सवलत गेली. मी जादा खातं बंद केलं.

आणि हो, गोंधळू नका: ब्रोकरच्या दरपत्रकात ‘एएमसी’ म्हणजे वार्षिक शुल्क, म्युच्युअल फंडाच्या भाषेत ‘एएमसी’ म्हणजे फंड कंपनी!

आजचा झिरो उद्या राहील?

झिरोधाने २०१५ मध्ये डिलिव्हरीवरचं ब्रोकरेज बंद केलं आणि मग ‘झिरो’ हा शब्दच जाहिरातीत आला. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीने एक्सचेंजचं शुल्क सगळ्या ब्रोकरना सारखं केलं. त्याआधी जास्त उलाढालीच्या ब्रोकरना ते स्वस्त पडायचं आणि ग्राहकाकडून घेतलेल्या रकमेतला फरक त्यांच्याकडे राहायचा. ती कमाई थांबल्यावर एंजल वनने नोव्हेंबर २०२४ पासून डिलिव्हरीवर ब्रोकरेज लावलं. वीस वर्षांच्या गुंतवणुकीसाठी ॲप निवडताना आजच्या दराएवढंच हेही बघा, की दर बदलला तर तुम्हाला बाहेर पडणं सोपं आहे का. फंड डीमॅटशिवाय, फोलिओवर असेल तर ॲप बदललं तरी युनिट तुमच्याच नावावर राहतात आणि फंड कंपनीच्या साइटवरून किंवा एमएफ सेंट्रलवरून ते सांभाळता येतात.

ताईने काय केलं?

रेग्युलरची एसआयपी थांबवून त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नवी सुरू केली. जुने युनिट एकदम हलवायचे नव्हते, कारण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं ही कराच्या दृष्टीने विक्रीच असते. एक वर्षाच्या आतल्या युनिटच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. एक वर्षावरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. ताईच्या वर्षाहून जुन्या युनिटवर नफा साधारण ७० हजार होता आणि दुसरीकडे काही विकलेलं नव्हतं, म्हणून तेवढे युनिट तिने हलवले. उरलेले वर्ष पूर्ण झालं की. एक्झिट लोड आहे का, तेही आधी तपासलं.

सगळं मिळून एक तासही लागला नाही. मी काही सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर तशा सल्लागाराला जरूर विचारा. पण आज रात्री एवढं करा: स्टेटमेंट उघडा, प्लॅनचं नाव बघा, फंडाच्या साइटवर एक्स्पेन्स रेशो बघा आणि त्याला तुमच्या जमा रकमेने गुणा. जो आकडा येईल तो तुम्ही दरवर्षी भरताय. त्यानंतर मग ब्रोकरेजची चौकशी करा.