‘वृद्धाश्रम आहेत की!’

पुणे महापालिकेने डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी स्वतः चालवलेलं निवासी शुश्रूषा केंद्र काढावं, असं मी जिथे जिथे म्हटलं, तिथे पहिलं उत्तर ठरलेलं. “पुण्यात वृद्धाश्रम काय कमी आहेत?” सोसायटीच्या बैठकीत हेच ऐकलं, ज्येष्ठ नागरिक संघात हेच, एका डॉक्टरांकडूनही हेच. आता मला ते ऐकवत नाही. असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वृद्धाश्रमाचा प्रवेशअर्ज कधी हातात धरलेला असतो.

मी धरलाय, मावशीसाठी. ती चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. अर्जाच्या दुसऱ्या पानावर प्रश्न होते. आंघोळ स्वतः करता का? हाताने जेवता का? रात्री उठता का? न सांगता बाहेर जाण्याची सवय आहे का? पहिल्या ठिकाणी आम्ही सगळं खरं लिहिलं आणि परत आलो. दुसऱ्या ठिकाणी घेतलं, पण चौथ्या महिन्यात फोन आला, “मावशींना घेऊन जा.” रात्री उठून ती शेजारच्या खोलीत गेली होती आणि तिथल्या आजींच्या पलंगावर झोपली होती. त्या लोकांवर माझा राग नाही. रात्री अख्ख्या मजल्यावर एकच सेविका असेल, तर तिने तरी कुठे कुठे पुरं पडावं?

वृद्धाश्रम ही मुळात चालत्याफिरत्या, आपलं आपण करणाऱ्या माणसांची सोय आहे. पुण्यात ती परंपरा मोठी आहे. नवी पेठेतला ‘निवारा’ डेव्हिड ससून यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण एवढ्याने भागत नाही. त्याला दिवसरात्र सोबत लागते, आणि तीही वर्षानुवर्षं.

कायद्याचं नाव पुढे करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू शकतं. ‘निराधार’ हा शब्द बघा, आणि ‘काढू शकतं’ हेही बघा. मावशीला पेन्शन होती, म्हणजे ती निराधार नाही. खासगी डिमेन्शिया केंद्राचा महिन्याचा खर्च मात्र त्या पेन्शनच्या बाहेरचा. पुण्यातली कितीतरी मध्यमवर्गीय घरं नेमकी या फटीत अडकलेली आहेत.

किती? २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ३१ लाख लोक होते आणि राज्यात साठीपुढचे सुमारे १० टक्के. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. हीच प्रमाणं शहराला लावली, तरी ढोबळमानाने आकडा वीस हजारांच्या पुढे जातो, आणि शहर त्यानंतर बरंच वाढलंय. या सगळ्यांना निवासी केंद्र लागत नाही. अनेकांना दिवसभराचं पाळणाघर पुरेल, काहींना घरच्यांना विसावा मिळावा म्हणून महिन्यातले आठ दिवस. केंद्राची आखणी करताना या तिन्ही सोयी एकत्रच धराव्या लागतात.

खर्चाचं खरं गणित माणसांचं असतं, इमारतीचं नव्हे. आठवड्याचे तास १६८, एका सेविकेचे ४८. म्हणजे एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं, रजा-आजारपण धरलं की चार. खाटा मोजून उद्घाटन करायचं आणि पदं रिकामी ठेवायची असतील, तर केंद्र न काढलेलंच बरं.

“दाराला कुलूप लावलं की झालं,” हेही ऐकते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटातले स्मृतिभ्रंश झालेले शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे निघून जातात, ते अनेकांनी पाहिलंय. अशा माणसाला चालायचं असतं. म्हणून फिरून परत तिथेच येणारी वाट हवी, वाटेत बसायला बाक हवेत. संडासाचं दार पलंगावरून दिसावं, नाहीतर रात्री शोधाशोध होते. जमीन एकाच रंगाची असावी. आमच्याकडे बाथरूमबाहेर काळं पायपुसणं होतं. मावशी तिथवर यायची आणि थबकायची. तिला तो खड्डा वाटायचा. पायपुसणं उचललं, त्या दिवसापासून ती सरळ आत जायला लागली.

“हे महापालिकेचं कामच नाही.” आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम ६६ खाली दुर्बळ, आजारी आणि असाध्य रोगाच्या व्यक्तींच्या देखभालीच्या संस्था चालवणं स्पष्ट लिहिलंय. ते ऐच्छिक कर्तव्य आहे हे खरं, पण मग इच्छा नाही असं म्हणा, अधिकार नाही असं म्हणू नका. केरळने ‘स्मृतिपथम्’ योजनेत एडवनक्काडला डिमेन्शियाचं पूर्णवेळ केंद्र चालवून दाखवलंय.

“येरवड्याला न्या.” तिथलं मनोरुग्णालय उपचारासाठी आहे. डिमेन्शियाच्या माणसाला वर्षानुवर्षं राहायला जागा लागते, रुग्णालयातली खाट नव्हे.

“साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ आहे, दुसरं काय!” वरचाच ७.४ टक्क्यांचा आकडा उलटा वाचा. साठीपुढच्या शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना डिमेन्शिया नाही. म्हणजे हा आजार आहे, वयाचा धर्म नाही.

आणि शेवटचा समज, “प्रेमळ बाई असली की पुरे.” मावशीला घरी आणल्यावर संध्याकाळी पाच वाजले की ती पिशवी घेऊन दारात उभी राहायची. “मला घरी सोडा.” मी रोज सांगायचे, “अगं, हेच तुझं घर.” ती चिडायची, मग रडायची. मी काही कमी प्रेमाने सांगत नव्हते. सेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं बोलणं थांबवलं आणि मावशीला विचारलं, “आजी, घरी कोण कोण आहे?” मावशीने आई सांगितली, वाड्यातला हौद सांगितला, दारातली तगर सांगितली. सांगता सांगता पिशवी खाली ठेवली.

हे कुठे शिकलात, असं मी त्यांना विचारलं. “शिकवलं कुणी नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “आधीच्या आजोबांशी मी वर्षभर रोज भांडले. तेव्हा कळलं.”