शाळा-कॉलेजातील व्हॉलीबॉल वाढावा कसा?

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस, महागाई भत्ता, फार तर कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. व्हॉलीबॉलच्या भानगडीत पडू नये, असे शहागंजातील काही मित्रांनी आम्हांला सुचविले. हे विषय एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत, ते पुढे दिसेलच.

प्रथम खेळाची ओळख. १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या कागदगिरण्यांच्या गावी वायएमसीएचे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला. वयस्क मंडळींना बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की झेपत नव्हती. मॉर्गन यांनी मध्ये जाळेच बांधून टाकले, म्हणजे दोन बाजू एकमेकींच्या अंगावर जाण्याचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे हा खेळ रुजला तोही मुख्यतः वायएमसीएच्या द्वारे. १९२० साली मद्रासला त्या संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज निघाले आणि तेथे तयार झालेल्या शिक्षकांबरोबर तो देशभर गेला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुषांनी रौप्यपदक मिळविले, १९८६ साली सोलला कांस्य. केरळचा जिमी जॉर्ज तर इटलीत जाऊन व्यावसायिक संघांतून खेळला. १९८६ नंतर मात्र त्या स्पर्धेत आपल्या पुरुषांना पदक नाही.

आता नियम पाहा. एका बाजूला सहा गडी. तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेला पाहिजे, आणि एकाच गड्याने लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावायचा नाही. (जाळ्यापाशी अडविताना झालेला स्पर्श यात धरीत नाहीत.) सर्व्हिस आपल्याकडे परत आली की सर्वांनी एकेक जागा सरकायचे. म्हणजे ज्याला मारता येते त्याने चेंडू स्वतःपाशीच ठेवावा अशी सोय या खेळात नाही. दुसऱ्याने उचलून दिल्याशिवाय मारणाऱ्याचे काही चालत नाही. आम्हांला हा खेळ आवडतो तो यासाठी. टाळ्या मात्र स्मॅश मारणाऱ्यालाच पडतात. युनियनमध्येही सभेत बोलणाऱ्याला हार पडतात आणि वर्गणी गोळा करणारा कोपऱ्यात उभा असतो!

आमच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती बाजार आहे, हातगाड्या आहेत, गर्दी आहे. मोकळी जागा तेवढी नाही. व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद. भोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तरी ३६० चौरस मीटरांत काम भागते. फुटबॉलच्या एका पुऱ्या मैदानात अशी जवळजवळ वीस मैदाने बसतील. लोखंडी पाइपाचे दोन खांब, एक जाळे, दोन चेंडू आणि मुरूम दाबून घेतलेली जमीन, एवढ्यावर शाळेचे अंगण चालते. पुरुषांचे जाळे २.४३ मीटर उंचीवर, स्त्रियांचे २.२४ वर, खांबाला दोन्ही ठिकाणी हूक बसविले तर मुलींनाही तेच मैदान मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. लहान मुलांसाठी जाळे आणखी खाली घ्यावे. बारा वर्षांच्या पोराला पुरुषांच्या जाळ्यापुढे उभे करणे म्हणजे त्याला खेळातून घालविणेच होय.

मग खेळ वाढत का नाही? आमच्या मते दोष स्पर्धांच्या रचनेत आहे. तालुका, जिल्हा, विभाग अशी शालेय स्पर्धांची शिडी आहे आणि सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. आठ शाळा उतरल्या तर एकूण सामने सात, आणि त्यांतल्या चार शाळा एकेक सामना हरून घरी. शिक्षकाने आठ दिवस मुले घासून तयार करावीत, अर्ध्या तासात दोन सेट हरावेत, आणि पुढच्या वर्षापर्यंत जाळे कपाटात. त्याच आठ शाळांनी साखळी पद्धत धरली तर सामने होतात अठ्ठावीस आणि प्रत्येक शाळेला मिळतात सात. दर शनिवारी एक, असे सात आठवडे. हरलेल्या संघाला पुढचा शनिवार असतो, ही खरी शिकवण्याची जागा.

वेळेची सबबही आता चालणार नाही. पूर्वी सर्व्हिस असलेल्या बाजूलाच गुण मिळे, त्यामुळे सेट कितीही लांबे. १९९० च्या दशकाअखेरीस नियम बदलले. आता प्रत्येक चढाओढीला गुण मिळतो आणि सेट पंचविसाला, दोन गुणांच्या आघाडीने, संपतो. १९९८ साली 'लिबेरो' हा बचावाचा स्वतंत्र गडीही आला. तो सर्व्हिस झेलतो, मागे चेंडू उचलतो, जाळ्यावरून मारीत नाही. म्हणून बुटक्या मुलाला 'तू जा, कॅरम खेळ' असे सांगण्याचे कारण उरले नाही. चौदाव्या वर्षी उंची मोजून मुले निवडणे हा तर शुद्ध वेडेपणा; मुलगा सतराव्या वर्षीही उंच होतो.

आता आमच्या विषयाकडे येऊ. शाळा-कॉलेज संपले की खेळाडूचे काय होते? रेल्वे आणि सेनादल यांचे संघ देशात नावाजलेले आहेत; राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण ती दारे पदकवाल्यांची. बाकीचा मुलगा चिकलठाण्याला किंवा वाळूजला जातो, आणि तेथे पुष्कळदा तो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात त्याला घरी बसवितात. जो पुढच्या दिवाळीला कोणत्या गेटवर असेल हे त्यालाच ठाऊक नाही, तो कोणाच्या संघात नाव घालणार? त्यात पाळी दर आठवड्याला बदलते. सहाजण एका संध्याकाळी जमणे कठीण. कायम नोकरी आणि ठरलेली पाळी यांची मागणी आम्ही गेटवर करतो तेव्हा ती पगाराची मानली जाते. ती मैदानाचीही आहे.

ती मिळेपर्यंत थांबावे असे नाही. संघ कारखान्याचा न करता मोहल्ल्याचा करावा, म्हणजे गेट सुटले तरी संघ सुटत नाही. शाळांनी संध्याकाळी आवार उघडे ठेवावे. जुन्या विद्यार्थ्यांनी जाळ्याचा खर्च उचलून आठवड्यातून दोनदा लहानांना शिकवावे. सहा गड्यांच्या संघाला वही घालून वीस नावे लिहावीत. पाळ्यांचे गणित आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत: तिन्ही पाळ्यांतली माणसे असतील तर विसांतून सात-आठ कोणत्याही संध्याकाळी मोकळी सापडतात. सामन्याचा दिवस रविवार, वेळ सकाळी साडेसात. रात्रपाळीचा माणूस तोवर गेटबाहेर पडून चहा घेऊन येतो. चैत्र-वैशाखात त्यानंतर आपल्याकडे मैदानावर उभे राहवत नाही.