बेसिनला वास येतोय? आधी एक तांब्या पाणी ओता!



पाहुणे यायचे म्हटलं की आपण अंगण झाडतो, भांडी लखलखीत घासतो, चादरी बदलतो. आणि नेमकं पाहुण्यांनी हात धुवायला बेसिनवर वाकावं, तर खालून कुबट वास! मग आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. "घरात बायका असून ही स्वच्छता?" असं कुणी म्हणेल, ही धास्ती. त्या धास्तीपोटी हाताला लागेल ते आपण ओततो. फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर. वास तासभर दबतो आणि परत येतो.

खरं सांगू का ताई, बऱ्याचदा हा दोष तुमच्या हाताचा नसतोच. दोष पाईपात असतो. तो ओळखायची सुरुवात एक तांब्या पाण्याने होते.

पाण्याचं झाकण

शौचालय बांधताना भांड्याखाली 'कोंबडा' बसवतात, तो तुम्ही पाहिला असेल. त्या वाकड्या भागात कायम थोडं पाणी साचून राहतं. ते पाणीच झाकणाचं काम करतं. घाण खाली जाते, पण खालचा वास वर येत नाही.

बेसिनलाही असंच झाकण लागतं. बेसिनखाली लोट्यासारखा भाग असतो, त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. न्हाणीच्या जमिनीत जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप. दोन्हींचं काम एकच, पाणी धरून ठेवायचं आणि वास अडवायचा.

वास कुठून येतो, ते ओळखा

बेसिनमध्ये एक-दोन तांबे पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा.

१) वास गेला, तर झाकणाचं पाणी सुकलं होतं. उन्हाळ्यात किंवा आपण बरेच दिवस गावाला गेलो की असं होतं. उपाय सोपा आहे. वापर नसलेल्या बेसिनमध्ये आणि मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. जास्त दिवस बाहेर जाणार असाल, तर वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर राहतो आणि पाणी लवकर उडत नाही.

२) वास तसाच राहिला, तर काडीला चिंधी गुंडाळून बेसिनच्या तोंडातून आत फिरवा. काळा, बुळबुळीत थर लागला तर वासाचं मूळ तिथे आहे. साबण, केस, तेल, थुंकी यांचा तो थर असतो आणि त्यात जंतू वाढतात.

३) वास बेसिनच्या तोंडातून न येता खालून, पाईप जमिनीत शिरतो तिथून येत असेल, तर तिथे फट आहे.

बुळबुळीत थर कसा काढायचा?

• बेसिनखाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा खालचा लोटा हाताने फिरवला की निघतो. आतलं घाण पाणी बादलीत पडू द्या.
• लोटा जुन्या ब्रशने साबण लावून घासा. त्यातली रबरी रिंग हरवू नका, नाहीतर पाणी गळेल.
• बेसिनच्या तोंडाची जाळी काढता येत असेल तर काढा. तारेच्या आकड्याने केस ओढून घ्या आणि आतून ब्रश फिरवा.
• बेसिनच्या वरच्या काठाजवळ एक छोटं भोक असतं. तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तेही घासा.
• लोटा परत घट्ट बसवा. कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ओता, म्हणजे तेलकटपणा सुटेल.

उकळतं पाणी मात्र ओतू नका. प्लॅस्टिकचा पाईप मऊ पडतो, सांधे सुटतात. आणि सोड्यावर लिंबू पिळलं की फेस खूप येतो, पण काम होतं ते घासण्यानेच.

ट्रॅपच नसेल तर?

पुष्कळ घरांत बेसिनला नुसता वळणारा प्लॅस्टिकचा पाईप लावून सरळ जमिनीत सोडलेला असतो. मग वास अडवणार कोण? अशा वेळी पाईपाला इंग्रजी यू अक्षरासारखं वळण द्या आणि ते तारेने बांधून ठेवा, म्हणजे वळणात दोन-तीन बोटं पाणी साचून राहील. जमिनीजवळची फट रबरी रिंग किंवा सिमेंट लावून बुजवा. नवं बेसिन बसवताना गवंड्याला आधीच विचारा, "दादा, ट्रॅप कुठाय?" पैसे आपण मोजतो, तर विचारायला संकोच कसला?

पाणी जाताना गुडगुड आवाज येत असेल, तर पाईपात हवेला वाट नसते आणि झाकणाचं पाणी ओढलं जातं. तिथे माहीतगार प्लंबरलाच बोलवा. बाहेरचा शोषखड्डा तुंबला असेल, तर आत कितीही घासलं तरी पाणी तुंबणार आणि वास परत येणार, हेही लक्षात ठेवा.

हे मात्र कधीच करू नका

अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिडवालं लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका. एक ओतून लगेच दुसरंही नको. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आणि आपण त्यावर वाकलेल्या. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, श्वास कोंडतो. जीवावरही बेतू शकतं. चुकून असं झालंच, तर साफ करत बसू नका. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, लेकरांना लांब न्या. श्वासाचा त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा.

वासाची लाज वाटून घेऊन जीव धोक्यात घालायचा नाही, मैत्रिणींनो. आज घरी गेल्यावर बेसिनखाली वाकून बघा, ट्रॅप आहे का? आणि लोटा खोलून घासायचं काम घरातल्या दादांना, मुलांनाही दाखवा. हात धुवायला बेसिन सगळ्यांनाच लागतं, मग घासायला बाईच कशाला? तुमच्याकडे काय सापडलं, ते गटाच्या पुढच्या बैठकीत नक्की सांगा.